देवापुढे गाऱ्हाणं मांडायचं कसं: संकटाच्या दिवसांत विलापस्तोत्रांचा आधार

घरात मोठं दुखणं आलं, नोकरी गेली, कर्ज गळ्याशी आलं किंवा जवळचं माणूस गेलं की मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, लोक भेटायला येतात आणि म्हणतात, "विश्वास ठेवा." बोलणाऱ्याच्या मनात माया असते. पण विश्वास ठेवायचा म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे कोणी सांगत नाही. मग माणूस एक तर हसरा चेहरा करून उपासनेला बसतो आणि आतून कोरडा होत जातो, किंवा हळूहळू उपासनेला जायचंच बंद करतो.

या दोन्हीपेक्षा जुनी आणि खरी वाट पवित्र शास्त्रातच आहे. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. म्हणजे देवाच्या लोकांनी देवापुढे घातलेली गाऱ्हाणी. वधस्तंभावर प्रभू येशूच्या तोंडी आलेले शब्दही त्यातलेच: "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ही २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ. प्रभूने जी प्रार्थना केली ती आपण करणं म्हणजे अविश्वास, असं मानायचं काहीच कारण नाही. ज्याच्यावर भरवसा असतो त्याच्याकडेच माणूस गाऱ्हाणं घेऊन जातो.

आधी भाकर आणि झोप

संकटाची बातमी कळल्यावर पहिले दोन-तीन दिवस लांब प्रार्थनेच्या मागे लागू नका. १ राजे १९ वाचा. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला तेव्हा उपदेश करत नाही. देवदूत त्याला हात लावून उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू पुढे करतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घालतो, कारण पुढची वाट त्याच्या ताकदीबाहेरची आहे. देवाचा मंद, शांत वाणीतला शब्द येतो तो यानंतर, होरेब डोंगरापाशी.

म्हणून पहिल्या तीन दिवसांचा नेम एवढाच ठेवा. दोन वेळा जेवण, ताट पुढे ओढावंसं वाटलं नाही तरी. सहा तास अंथरुणावर, झोप लागो न लागो. सकाळ-संध्याकाळ एकच वाक्य, "प्रभू येशू, माझ्यावर दया कर," तेही श्वासागणिक, सावकाश. या दिवसांत उपवास धरू नका. उपवास चांगलाच आहे, पण आठवडाभर नीट जेवण न झालेल्या आणि आजाऱ्याच्या उशाशी रात्री जागणाऱ्या माणसाने तो धरला की तिसऱ्या दिवशी घेरी येते आणि घरच्यांना आणखी एका रुग्णाकडे बघावं लागतं.

वही आणि तेराव्या स्तोत्राचा साचा

चौथ्या दिवसापासून शंभर पानी साधी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहू नका. मेसेज येत राहतात आणि हात भलतीकडे जातो. वेळ वीस मिनिटांचा पुरे, रोज एकाच जागी. पहाट सगळ्यांना जमत नाही, त्यात खंत करू नका. ५५ व्या स्तोत्राचा कर्ता संध्याकाळी, सकाळी आणि दुपारीही गाऱ्हाणं करतो.

साचा म्हणून १३ वं स्तोत्र घ्या. सहाच वचनं आहेत, पण विलापाचा सगळा सांगाडा त्यात आहे. पहिल्या दोन वचनांत "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो: देव विसरला आहे, त्याने तोंड लपवलं आहे, मन आतल्या आत कुरतडतं आहे, शत्रू वरचढ झाला आहे. देवाबद्दलची तक्रार, स्वतःबद्दलची आणि लोकांबद्दलची, तिन्ही वेगवेगळ्या मांडलेल्या. तिसऱ्या-चौथ्या वचनात मागणं आहे: माझ्याकडे बघ, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत उजेड आण. पाचव्यात भरवसा. सहाव्यात गाण्याचं वचन. मधल्या काळात परिस्थिती बदलल्याचा एक शब्दही स्तोत्रात नाही.

वहीचं पान याच क्रमाने भरा. हाक एक ओळ. गाऱ्हाणं पाच ते दहा ओळी. मागणं दोन ओळी. भरवसा एक-दोन ओळी. शेवटी वचन, जमलं तर. गाऱ्हाण्यात नावं, तारखा, रक्कम, वेळ हे सगळं यायला हवं. "देवा, आम्ही फार अडचणीत आहोत" ही ओळ चूक नाही, पण तिच्यातून मन मोकळं होत नाही.

नवरा डायलिसिसवर असलेल्या बाईचं एक पान असं होऊ शकतं:

"बापा, मूल मागणाऱ्या हन्नाचं ऐकलंस तसं माझं ऐक. आठवड्यातून तीन वेळा यांना घेऊन जाते. पहाटे साडेचारला उठते. काल मशीनवर असताना यांचं बीपी उतरलं, सिस्टर धावल्या, मला बाहेर काढलं आणि मी दाराशी भिंतीला टेकून उभी राहिले. तू तिथे होतास का? मला तरी दिसला नाहीस. धाकटा विचारतो, पप्पा कधी बरे होणार. खोटं बोलायचा कंटाळा आला आहे. प्रभू, आज चार तास यांचं बीपी टिकू दे. संध्याकाळी थोरल्या जाऊबाईंकडे पैशाचा विषय काढायचा आहे, जीभ अडखळू देऊ नकोस. मागे रक्त मिळत नव्हतं तेव्हा दोन अनोळखी मुलं येऊन रक्त देऊन गेली, ते मी विसरलेले नाही. आज गाणं येत नाही. उद्या बघू."

शेवटच्या दोन वाक्यांत काहीही वावगं नाही. ८८ वं स्तोत्र अंधारावरच संपतं आणि तरीही ते शास्त्रात आहे. चर्चच्या नित्य प्रार्थनाविधीत शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेला कॅथलिक लोक हेच स्तोत्र म्हणतात. स्तुती ओढूनताणून लिहू नका. बहुतेकांची चूक इथेच होते. गाऱ्हाण्याची एक ओळ कशीबशी लिहायची आणि लगेच "तरी प्रभू, तुझी स्तुती असो" म्हणून पान मिटायचं. घाव न धुता वर पट्टी बांधल्यासारखं ते होतं, आणि पंधरा दिवसांनी भलत्याच माणसावर राग निघतो.

मागणं मात्र लहान आणि आजचं ठेवा. "यांना पूर्ण बरं कर" हे मागायचंच, तो आपला हक्क आहे. त्याच्या बरोबरीने आजच्या दिवसाएवढं एक मागणं लिहा. रात्री त्याच्यापुढे खूण करा: मिळालं तर टिंब, नाही मिळालं तर रिकामं वर्तुळ. वर्तुळं खोडू नका.

तेच गाऱ्हाणं रोज लिहावं लागलं तर लाजू नका. गेथशेमाने बागेत प्रभूने तिसऱ्यांदाही तेच शब्द उच्चारले, असं मत्तय स्पष्ट लिहितो. होरेबवर देवाने एलीयाला एकच प्रश्न दोनदा विचारला आणि एलीयाने दोन्ही वेळा अक्षरशः तीच तक्रार केली. देवाने ती पुरी ऐकून घेतली. मग त्याला पुढची कामं दिली आणि अलीशा नावाचा सोबतीही दिला.

कोणत्या दुःखाला कोणतं स्तोत्र

रोज नवं स्तोत्र शोधायची घाई नको. एकच स्तोत्र सात दिवस, मोठ्याने, सावकाश. रात्री उशी भिजत असेल तर ६ वं. ते लिहिणाऱ्याचं अंथरूणही रोज आसवांनी भिजत होतं. आजारपणात ४१ वं. उतारवयात, अंगातलं बळ गेल्यावर ७१ वं. आपल्या हातून काही चुकलं आहे याची बोच असेल तर ५१ वं, पण ते कबुली द्यायला. आजार म्हणजे शिक्षा असं स्वतःला बजावण्यासाठी नव्हे. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी "पाप कोणाचं?" असं विचारलं तेव्हा प्रभूने ते नाकारलं आहे, योहान ९ उघडून बघा. झोप येत नसेल तर १३० वं. पहाटेची वाट बघणारे पहारेकरी त्यात दोनदा येतात, आणि आयसीयूच्या बाहेर बाकावर रात्र काढणाऱ्याला त्या दोनदाचा अर्थ सांगावा लागत नाही.

ओळखीच्या माणसाने फसवलं असेल, भागीदाराने पैसे बुडवले असतील, तर ५५ वं घ्या. घाव वैऱ्याचा असता तर सोसला असता, पण तू तर माझा सोबती, असं ते म्हणतं. संताप फारच असेल तर १०९ वं. त्यातले शाप वाचून माणसं दचकतात. पण राग देवाच्या हाती दिला की तो आपल्या हातून उतरतो. वाचा, वहीत लिहा, आणि त्या माणसाला त्या दिवशी फोन करू नका.

घरात मरण झालं असेल तर योहान ११ वाचा. मार्था आणि मरिया, दोघी बहिणी वेगवेगळ्या वेळी येऊन प्रभूला एकच वाक्य ऐकवतात: तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. प्रभू दोघींपैकी एकीलाही रागावत नाही. मार्थेशी बोलतो, मरियेचं रडणं बघून स्वतः रडतो. दुःखात कोणाला बोलणं हवं असतं, कोणाला नुसती सोबत, हे भेटायला जाणाऱ्यांनीही या अध्यायातून शिकण्यासारखं आहे.

शब्दच सुचत नसतील तर गा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि अभंग-ओवीचा आपला ठेवा ते सोबत घेऊन आले. त्यामुळे मराठी मंडळीच्या ओठांवर आपल्या मातीतली गाणी आहेत. लहानपणापासून पाठ असलेलं एक गीत निवडा आणि भांडी घासताना, बस-स्टॉपवर, मनातल्या मनात म्हणा. नवी गाणी या दिवसांत शिकायला जाऊ नका. थकलेल्या मनाला पाठ असलेलंच पेलतं.

चार माणसं शोधा

मार्क २ मध्ये पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे उचलून आणतात आणि दारात गर्दी म्हणून छप्पर उकलून खाली सोडतात. प्रभूने 'त्यांचा' विश्वास पाहिला, असं तिथे लिहिलं आहे. ज्याला स्वतःला विश्वास धरणं जमत नाही, त्याच्यासाठी काही दिवस दुसऱ्यांनी धरला तर चालतो.

म्हणून चारच माणसं निवडा आणि प्रत्येकाला वेगळं काम सांगा. एक जण रोज ठरलेल्या वेळी तुमच्यासाठी प्रार्थना करील आणि "केली" एवढाच मेसेज टाकील. दुसरा डॉक्टरांशी बोलताना सोबत बसून कागदावर टिपून घेईल, कारण घाबरलेल्या माणसाला अर्धं ऐकूच येत नाही. तिसरी व्यक्ती आठवड्यातून दोनदा डबा देईल किंवा मुलांना शाळेतून आणील. चौथी तुम्ही फोन केल्यावर नुसतं ऐकून घेईल. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्याला काय लागतं ते तिथेच सांगा: "मंगळवारी आणि शुक्रवारी रात्रीचा डबा, चार माणसांचा, तिखट कमी." मागायला संकोच होतो, पण लढाई चालू असताना मोशेचे उंचावलेले हात थकले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी धरून ठेवले होते, ते सूर्य मावळेपर्यंत.

मंडळीच्या ग्रुपवर प्रार्थनेची विनंती टाकायची असेल तर आजाऱ्याला विचारून टाका. रिपोर्टचे फोटो टाकू नका. "अमुक भावासाठी, ऑपरेशन बुधवारी, प्रार्थना करा" एवढं पुरतं. बाकीचं देवाला ठाऊक आहे.

पाळकांना किंवा फादरना लवकर बोलवा. आजारी असाल तर मंडळीच्या वडिलांना बोलवा, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं याकोब ५ मध्ये सांगितलं आहे. हाक मारायची जबाबदारी आजाऱ्याकडे आणि घरच्यांकडे दिली आहे. कॅथलिक घरांत अजून एक जुना समज आहे की फादर तेल घेऊन आले म्हणजे शेवट आला. त्यामुळे पेशंटची शुद्ध जाईपर्यंत कोणी बोलावत नाही. हा संस्कार गंभीर आजाराच्या सुरुवातीलाच, मोठ्या ऑपरेशनच्या आधी घेता येतो, आणि आजार वाढला तर पुन्हाही घेता येतो. माणूस शुद्धीवर असताना, हातात हात घेऊन घेतला तर त्याला त्याचा आधार मिळतो.

कर्ज असेल तर

२ राजे ४ मधली विधवा अलीशाकडे येते. सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम म्हणून न्यायला आला आहे. अलीशाचा प्रश्न आहे: तुझ्या घरात काय आहे? एक तेलाची कुपी. मग शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागायची, दार लावून ओतायचं, आणि शेवटी तेल विकून कर्ज फेडायचं. चमत्कार आहे, पण त्यात यादी आहे, शेजारी आहेत, विक्री आहे.

तोच क्रम धरा. वहीच्या मागच्या पानावर डावीकडे सगळी देणी: कोणाची, किती, व्याज किती, हप्ता कोणत्या तारखेला. हातउसने घेतलेले दोन हजारही लिहा. उजवीकडे घरात काय आहे ते. हे पान जोडीदारापुढे ठेवा. लपवलेलं कर्ज प्रार्थनेतही लपून राहतं. माणूस "आर्थिक अडचण" एवढंच पुटपुटतो आणि उठतो. बँकेत हप्ता चुकायच्या आधी जा, चुकल्यावर नव्हे. आणि जुनं कर्ज फेडायला जास्त व्याजाचं नवं काढू नका.

दवाखान्याच्या खर्चासाठी एक गोष्ट माहीत असावी. महाराष्ट्रात धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. त्यासाठी रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला भरतीच्या वेळीच सोबत ठेवा आणि रुग्णालयातल्या समाजसेवकांना भेटा. सरकारी आरोग्य योजनेसाठी रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात, त्यांच्याकडे चौकशी करा. देव माणसांच्या हातून देतो, तेव्हा त्या माणसांच्या टेबलापर्यंत जाणं हे आपलं काम.

कुठे बिघडतं

सगळ्यात मोठी आणि जिवावर बेतणारी चूक म्हणजे प्रार्थना सुरू केली म्हणून औषध बंद करणं. इन्सुलिन, फिटची गोळी, बीपीची गोळी, टीबीचा कोर्स, मानसिक आजाराची औषधं यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायचं नाही, मग सांगणारा कितीही मोठा प्रवचनकार असो. लूक स्वतः वैद्य होता आणि पौल त्याला "प्रिय वैद्य" म्हणतो. बरं वाटलं तर तपासणी करा आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. प्रभूनेही बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला याजकाकडे जाऊन दाखवायला सांगितलं होतं.

दुसरी चूक सौद्याची. "अमुक रक्कम दे, मग आशीर्वाद येईल" असं कोणी म्हणालं तर उठून घरी या. नवस वेगळा. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचा हात किंवा पाय वाहणारी आई त्यातून आपलं दुखणं देवासमोर ठेवते, माहीमच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला, म्हणजे नेमाच्या प्रार्थनेला, रांगेत उभं राहणारा माणूसही तेच करतो. त्यात भक्ती आहे. "मी वाहिलं, आता तू देणं लागतोस" असं मनात आलं की तो व्यवहार झाला, आणि हवं ते मिळालं नाही की माणूस देवावरून उठतो.

तिसरी, डोळे मिटून शास्त्र उघडायचं आणि जे वचन बोटाखाली येईल त्यावर ऑपरेशन करायचं की नाही ते ठरवायचं. असं करू नका. निर्णयाला डॉक्टरांचं मत, घरच्यांचं मत आणि प्रार्थना तिन्ही लागतात.

आणि चौथी भेटायला येणाऱ्यांकडून होते. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, ते त्यांनी फार चांगलं केलं. तोंड उघडून कारणं सांगायला लागले तिथे चुकले. "देवाची योजना असेल," "तुमचा विश्वास कमी पडला असेल," हे कोणी तुमच्यासमोर म्हणालं तर वाद घालू नका. "आज बोलायची ताकद नाही, थोडं बसा," एवढं सांगा.

सतत मरणाचा विचार येत असेल, आपण नसलेलंच बरं असं वाटत असेल, तर ते पाप म्हणून दडवू नका. एलीयानेही मरण मागितलं होतं. त्याच दिवशी एका माणसाला सांगा आणि टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. एकटे राहू नका. स्तोत्र सोबतीला माणूस असतानाही वाचता येतं.

उत्तर 'नाही' आलं तर

पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, कृपा पुरेल असं उत्तर मिळालं. काही पानांवर वर्तुळं रिकामीच राहतात. त्या दिवशी नवं मागणं लिहू नका. सात दिवस फक्त हाक आणि गाऱ्हाणं लिहा, रविवारी प्रभुभोजनाला किंवा मिस्साला मागच्या बाकावर बसा, गाता आलं नाही तर बाकीच्यांचं गाणं ऐका.

महिना झाला की एका संध्याकाळी चौघांपैकी एकाला सोबत घेऊन वही पहिल्या पानापासून वाचा. टिंबं मोजू नका, गाऱ्हाण्याची भाषा बघा. सुरुवातीला "तो" असलेला देव कुठल्या पानापासून "तू" झाला, तिथे पेन्सिलने रेघ मारा. तसं पान सापडलं नाही तर दुसरी वही आणा आणि पुन्हा तेराव्या स्तोत्रापासून धरा.